सतराव्या नावाची रुजवात

१

हरेश्वर सावे डहाणूच्या मामलेदार कचेरीत नकलनवीस होते. सरावलीहून सकाळी चालत यायचे, कोट खुंटीला लावायचे, टाकाचं निब नखावर घासून पाहायचे आणि समोर येईल त्या कागदाची नक्कल करायला बसायचे. एकवीस वर्षं हेच चाललं होतं. कागदात काय आहे याच्याशी त्यांचा संबंध नसे. कुणाची जमीन गेली, कुणाला शिक्षा झाली, ते त्यांच्या हाताखालून जायचं, पण डोक्यात शिरायचं नाही. मुळात चूक असली तर तीही तशीच उतरवायची, एवढं ते कटाक्षाने पाळत.

नक्कल झाली की रुजवात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत जुळतंय का ते पाहायचं, मग खाली 'रुजू असे' लिहून सही करायची. सावे वाचायला लागले की शेजारच्या खोलीतली माणसं बोलायची थांबत. त्यांचा आवाज काही मोठा नव्हता. पण ते नाव असं घेत, की ज्याचं असेल त्याने मान वर करावी.

१९५४ च्या श्रावणात त्यांना तलासरीला बोलावणं आलं. हद्दीपलीकडचा फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, अंमल उठला होता. तिथल्या एका ठाण्यावरचे पोलीस मुक्तिसैनिकांचा पाठलाग चुकवत, भर पावसात जंगलातून भटकले आणि शेवटी उपाशीपोटी अलीकडे येऊन शरण आले. मंगळवारी संध्याकाळी नदीकाठी कागदावर सह्या झाल्या. गोऱ्या अंमलदाराला लगेच मोटारीने मुंबईकडे नेलं. मागे राहिले देशी शिपाई आणि तीन पानांचा तो कागद. पहिल्या पानावर शरणागतीचा मजकूर, दुसऱ्यावर हत्यारांची यादी आणि तिसऱ्यावर माणसांची नावं, पुढे सह्या नाहीतर अंगठे. त्याच्या पाच नकला हव्या होत्या.

२

कागदाचं काम जंगलखात्याच्या बंगल्यात ठेवलं होतं. खोलीत सागाच्या ओल्या लाकडाचा वास भरलेला. पावसाने कौलं सतत वाजत होती. खिडकीबाहेर अंगण, अंगणात ओंडक्यांची रास आणि पलीकडे लाकडं ठेवायची उघडी शेड. तिच्यात शिपायांना बसवलं होतं. अंगावरचे खाकी कपडे फाटलेले, पायांना चिंध्या बांधलेल्या. ते फारसं बोलत नसत.

रुजवातीला सोबत गावचे तलाठी चुरी होते. बुधवारी सकाळी पहिली नक्कल झाली आणि सावे वाचायला लागले. मजकूर झाला, हत्यारं झाली. तिसऱ्या पानावर पहिलं नाव घेतलं, "भीमा रामा टंडेल, हवालदार," तर शेडमधून उत्तर आलं, "प्रेझेंत."

चुरी हसले. म्हणाले, पलीकडे हजेरीला अशीच ओ देतात, सवय आहे बिचाऱ्यांना. सावे पुढे वाचत गेले. प्रत्येक नावाला शेडमधला एकेक जण उठायचा, टाचा जुळवायचा, ओ देऊन बसायचा. शेवटचं नाव होतं तुक्या बारक्या वरठा, शिपाई. त्यालाही ओ आली. थोडी उशिरा, पण आली.

बारा वाजता भात वाढणारा माणूस कुरकुरत आला. त्याला सतरा पत्रावळ्या सांगितल्या होत्या आणि शेडमध्ये माणसं होती सोळा. बंदोबस्तावरच्या फौजदार साहेबांनी स्वतः जाऊन डोकी मोजली. सोळाच भरली. सह्यांच्या गडबडीत आदल्या संध्याकाळी कुणी मोजलीच नव्हती. तुक्या वरठा कुठे आहे म्हणून विचारलं, तेव्हा भीमा हवालदार जमिनीकडे पाहत राहिला आणि बाकीच्यांनी हवालदाराकडे पाहिलं.

३

सावे मनाशी म्हणाले, मागे राहिलेल्या मित्राच्या नावाला कुणीतरी ओ दिली. यात काही विशेष नाही. कचेरीतसुद्धा असं चालतं.

तरी दुपारी दुसरी नक्कल रुजू करताना ते खुर्चीत बसले नाहीत. कागद घेऊन खिडकीत उभे राहिले. सोळा नावं झाली, सोळा जण उठून बसले. मग त्यांनी शेडमधल्या सोळा तोंडांवर नजर ठेवून सतरावं नाव घेतलं.

एकाचेही ओठ हलले नाहीत. ओ आली ती शेडमधून नव्हतीच. अंगणाच्या फाटकाबाहेरून, रस्त्याच्या अंगाने आली. दम लागलेल्या माणसाची ओ होती ती, शब्द मध्येच तुटलेला.

शेडमधल्या सगळ्यांनी ती ऐकली होती. भीमा हवालदाराने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले होते. चुरींनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांचं बोट नकलेवर त्या नावापाशी थांबलं होतं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. मग अंगात कणकण आहे असं सांगून ते उठून घरी गेले.

फाटकावर पहाऱ्याचा शिपाई होता. सावे छत्री घेऊन त्याला विचारून आले. रस्त्यावर कुणी आलं का, कुणी ओरडलं का. तो म्हणाला, सकाळपासून कुत्रंसुद्धा फिरकलेलं नाही.

परत येऊन सावे टेबलाशी बसले. डोंगराळ मुलूख आहे, आवाज कुठून कुठे जातो, असं काहीसं त्यांनी स्वतःला समजावलं. पण आपण वाचताना आपला आवाज मात्र एकदाही घुमून परत आला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

४

गुरुवारी सकाळी सावे आले तेव्हा बंगल्याच्या ओसरीवर एक बाई बसली होती. वारली बाई, तिशीच्या आतबाहेरची, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. तिचं नाव लाडकी. तुक्या वरठाची ती बायको. फिरंग्यांचे पोलीस तलासरीला शरण आले हे तिच्या पाड्यावर कळलं आणि ती नद्यानाले ओलांडत चालत आली. पहाऱ्याच्या शिपायाने तिला सांगितलं होतं की तुझा नवरा इथे नाही. ती तरी बसून होती.

सावे कुणाच्या भानगडीत पडणारे नव्हते. पण कागदावर नाव होतं आणि कागदाशी त्यांचा संबंध होता. त्यांनी तिसरं पान आणून तिला दाखवलं. हे बघ, हे तुझ्या नवऱ्याचं नाव, हा अंगठा. तिने नावाला हात लावला नाही. अंगठ्याच्या काळ्या ठशावर बोट टेकवून राहिली. मग म्हणाली, "कागदावर हाय तर माणूस पण असल. तू वाच ना भाऊ."

वारली माणसं मामलेदारालासुद्धा अरेतुरे करतात. सावेंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी नुसतं तुक्याचं नाव वाचलं. काही झालं नाही. मग तिच्या समाधानासाठी, आणि खरं तर स्वतःच्याही, त्यांनी पहिल्यापासून यादी वाचली. शेडमधून एकेक ओ येत गेली. सोळा झाल्या.

"तुक्या बारक्या वरठा."

या वेळी ओ ओंडक्यांच्या राशीमागून आली. कालच्यापेक्षा बरीच जवळून.

लाडकी हसली. पदर तोंडावर धरून, लाजून हसली. तिने सावेंना सांगितलं की घरी जेवायला हाक मारली की तो असाच ओ द्यायचा, साहेबासारखा, आणि सगळा पाडा हसायचा. ती धावत राशीमागे गेली. परत आली तेव्हाही हसतच होती. दिसला नाही म्हणाली, लपलाय, या खेपेला घरच्यांना न सांगता नोकरीवर परत गेला होता म्हणून तोंड दाखवायला लाजत असेल. "अजून एकदा वाच."

सावेंनी वाचलं. काम म्हणून वाचलं, काम संपल्यावरही वाचलं. तिसऱ्या नकलेच्या रुजवातीला चुरी आलेच नाहीत, तेव्हा मूळही त्यांनीच वाचलं आणि नकलेवर बोटही त्यांनीच फिरवलं. दर वेळी ओ आली आणि दर वेळी बाई राशीपर्यंत जाऊन आली. शेडमधली माणसं रडकुंडीला आली होती. तरी आपापलं नाव आलं की उठून ओ देत होती, कारण ती हजेरी होती.

दुपारी सावेंच्या लक्षात एक गोष्ट आली आणि त्यांचा हात थांबला. ओ येण्याआधी एक आवाज यायचा. कुणीतरी जड काहीतरी जमिनीवरून ओढल्याचा. आणि त्यामागे दातांवर दात दाबून घेतलेला श्वास.

५

फौजदार साहेब दुपारी आले ते ठरवूनच. शनिवारी सकाळी या माणसांना घेऊन ट्रक ठाणे शहराला जायचा होता. माणसं सोळा आणि यादीत सतरा, असं चालणार नव्हतं. तिसरं पान सोळा नावांचं नवीन लिहायचं, सगळ्यांच्या सह्या नि अंगठे पुन्हा घ्यायचे, जुनं पान फाडून टाकायचं.

एकवीस वर्षांत सावेंनी वरिष्ठांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी ते म्हणाले, "साहेब, मूळ ते मूळ. आपण त्यात हात घालायचा नसतो."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सावेंना समोर बसवून समजावलं. तो शिपाई पळाला असं लिहिलं तर त्याच्या घरावर जप्ती येईल. मेला असं लिहायला प्रेत लागतं, पंच लागतात. नावच नसेल तर त्याला आणि त्याच्या माणसांना कुणाचा त्रास नाही.

सावे ओसरीकडे पाहत होते. नाव गेलं तर या बाईजवळ काय राहणार होतं? तिचा नवरा ना कैदी, ना फरारी, ना मयत. तो शरण आला होता एवढंच एका कागदावर होतं. त्यांनी साहेबांकडे एक दिवस मागितला. साहेबांनी दिला.

बाहेर येऊन त्यांनी लाडकीला सगळं सांगितलं आणि आजवर कधी कुणाला दिलं नव्हतं तसं वचन दिलं. म्हणाले, नाव मी काढणार नाही.

६

हे सगळं भीमा हवालदार शेडमधून ऐकत होता. तो दमणकडचा, मच्छीमारांच्या घरातला, पन्नाशी उलटलेला माणूस. त्याने पहाऱ्याच्या शिपायाकडून निरोप पाठवला की मला लिहिणाऱ्या भाऊंशी बोलायचं आहे. ओसरीवर आणल्यावर तो लाडकीपासून दूर, खांबाला टेकून बसला आणि खाली बघत बोलला.

शरण येण्याच्या चार दिवस आधी, शुक्रवारी, एका ओहोळाच्या दगडांवरून तुक्याचा पाय सुटला होता. नडगीचं हाड बाहेर आलं होतं. दिवसभर त्यांनी त्याला आळीपाळीने पाठीवर वाहिलं. पण मागे पाठलाग होता आणि पोटात अन्न नव्हतं. संध्याकाळी त्याला पुढच्या एका ओहोळाकाठच्या मोठ्या दगडाच्या आडोशाला ठेवलं आणि बाकीचे पुढे गेले.

"तो रडत होता," भीमा म्हणाला. "मला विसरू नका म्हणत होता. मीच त्याला बोललो, वेड्या, आम्ही जिथे पोचू तिथे हजेरी होईल. हजेरीत तुझं नाव घेऊ. तू ओ दे, म्हणजे माणसं पाठवून तुला उचलून आणू. मग इथे आल्यावर मी नाव सांगितलं, त्याच्या नावापुढे माझ्याच दुसऱ्या हाताचा अंगठा उठवला. पण त्याला टाकून आलो हे सांगायला जीभ उचलली नाही."

सावे तसेच उठून साहेबांकडे गेले. शुक्रवारी उजाडताच साहेबांनी चार माणसं आणि वाट दाखवायला भीमा, असे पाठवले. लाडकीही त्यांच्या मागे निघाली होती, पण तिला फाटकाशी अडवलं. त्या सकाळी सावेंनी काहीच वाचलं नाही. लिहिलंही नाही. टाक दौतीत तसाच उभा होता.

सरळ वाटेने ओहोळ फार लांब नव्हता; माणसं दुपारी परतली. ओहोळाला पूर आला होता. तो दगड पुरुषभर पाण्याखाली होता. काठावरच्या पाड्यातल्या लोकांनी सांगितलं की हे पाणी शनिवारी पहाटेच चढलं, तेव्हापासून उतरलेलं नाही. म्हणजे कागद व्हायच्या तीन दिवस आधीपासून.

भीमाने हे सांगितलं तेव्हा लाडकी रडली नाही. मग तिने भीमाला विचारलं, "ओ देताना तुम्ही उठता. समद्यांना उठावंच लागतं?"

"हो. टाचा जुळवून."

ती सावेंकडे वळली. "तू त्याला किती वेळा उठवलंस?"

सावेंनी मनात मोजलं. बुधवारी दोनदा. काल नऊदा.

"अकरा वेळा," ते म्हणाले.

"त्या पायाने," लाडकी म्हणाली.

पाऊस जरा थांबला होता. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या. तिने विचारलं की हा कागद अजून कुठे कुठे वाचतील. सावेंनी खरं ते सांगितलं. डहाणूला, ठाण्याला, मुंबईला, दिल्लीला. नावं मोठ्याने वाचूनच जुळवतात.

"म्हणजे तिथवर जाईल तो. ओ द्यायला." तिने सावेंच्या हातातल्या पानाकडे पाहिलं, अंगठ्याच्या ठशाकडे नाही, नुसतंच पानाकडे. "नाव काढ भाऊ."

सावे म्हणाले, मग तुझ्याजवळ काहीच राहणार नाही.

"मना काय कागद खायचाय?" ती म्हणाली. "काढ."

७

सावेंनी तिसरं पान नव्याने लिहिलं. इतक्या सावकाश त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. सोळा नावं, आणि सोळाव्याच्या खाली रेघ. शेडमधून एकेकाला बोलावून सह्या आणि अंगठे घेतले. भीमाने या वेळी एकच अंगठा उठवला. जुनं पान आणि नकलांची जुनी पानं साहेबांनी स्वतःच्या हाताने स्वयंपाकाच्या चुलीत घातली. ओल्या हवेत ती लवकर पेटेनात.

नव्या पानांच्या रुजवातीला साहेबांनी चुरींना घरून बोलावून घेतलं. ते अंगावर घोंगडी घेऊन आले आणि नकलेवर बोट ठेवून, डोळे वर न करता बसले. सावेंनी खिडकी लावून घेतली. मग त्यांना वाटलं, हे बरं नाही, आणि त्यांनी ती पुन्हा उघडली.

वाचन सुरू झालं. भीमा रामा टंडेल, हवालदार. प्रेझेंत. एकेक नाव, एकेक ओ. सोळावं नाव झालं. सोळावा शिपाई उठला, ओ देऊन बसला. चुरींचं बोट रेघेवर आलं आणि थांबलं. सावेंनी पान खाली ठेवलं.

बाहेर काही हललं नाही. सावेंना वाटलं, संपलं.

मग खिडकीच्या अगदी खाली, भिंतीला लागून, तो जड ओढल्याचा आवाज झाला. कुणीतरी उठत होतं. हाक आली नव्हती तरी उठत होतं. खिडकीच्या चौकटीवर खालून चार बोटं आली, पाण्यात फार दिवस राहिलेल्या कपड्यासारखी पांढरी, सुरकुतलेली. त्यांनी चौकट धरली. अगदी हळू, वाचणाऱ्याला त्रास होऊ नये अशा अदबीने कुणीतरी म्हणालं, "साहेब, मी राहिलो."

सावेंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या मनात आलं की नाव घ्यावं. यादीत नसलं म्हणून काय झालं, एकदा मोठ्याने घ्यावं, एवढीच तर त्याची अपेक्षा आहे. त्यांनी तोंडही उघडलं.

ओसरीवरून लाडकीचा आवाज आला. घरात बोलावं तसा, साधा.

"तुला नाय बोलावलं. बस खाली. मी येते."

सावेंनी डोळे उघडले तेव्हा चौकट रिकामी होती. चुरी भिंतीकडे तोंड करून बसले होते. सावेंनी टाक उचलून नकलेखाली 'रुजू असे' लिहिलं. खाली सही केली.

बाहेर लाडकी ओसरी उतरून खिडकीखाली आली होती. सावेंकडे तिने पाहिलं नाही. ती भिंतीशी खाली वाकली, थोडा वेळ वाकलेलीच राहिली, आणि मग भार उचलावा तशी हळूहळू उभी झाली. तिचा उजवा हात अंगापासून दूर, कुणाच्या कमरेभोवती असावा तसा वळलेला होता. उजवा खांदा खाली दबला होता. ती एक पाऊल टाकायची आणि थांबायची. पुन्हा एक पाऊल, पुन्हा थांबायची.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला वाट दिली. तो नुसता बाजूला झाला नाही. दोन माणसं जातील एवढा सरकला आणि डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला.

पाऊस परत लागला. लाडकीने डोक्यावरचा पदर सोडवून उजव्या बाजूला लांब धरला आणि स्वतः भिजत राहिली. हद्दीकडच्या रस्त्याचं वळण बंगल्यापासून दोनशे पावलांवर होतं. तिथे पोचायला तिला पाऊण तास लागला. तोवर सावे खिडकीतून हलले नाहीत.